कासला निघालाय? आधी पायाखालचा सडा समजून घ्या

गणपती उठले की साताऱ्याच्या बोगद्यातून यवतेश्वर घाटाकडं गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईच्या गाड्या तर असतातच, पण अलीकडं कराड, पाटण, फलटण, माणमधली मंडळीही घरची गाडी काढून कासला जाऊ लागली आहेत. मोबाईलवर कुणाचं तरी स्टेटस बघितलेलं असतं. डोळे दिपतील असा गुलाबी-पिवळा गालिचा, मागं ढग, पुढं हसणारं कुटुंब.

वर पोचल्यावर मात्र अनेकांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "एवढंच होय?" कारण समोर असतं धुकं, भुरभुर पाऊस, शेवाळलेला दगड आणि नखाएवढी फुलं. स्टेटसमधला फोटो खोटा नसतो, पण तो एखाद्या उघडीप पडलेल्या सकाळी, नेमक्या आठवड्यात आणि बऱ्याचदा जमिनीलगत मोबाईल धरून काढलेला असतो. मग वैतागलेले काही जण चांगला फोटो मिळावा म्हणून वाट सोडून आत शिरतात. कासचं नुकसान सुरू होतं ते इथंच. ते का होतं हे कळायचं तर आधी या पठाराचा दगड बघावा लागेल.

दगडावर फुलं येतात कशी?

कासचं पठार साताऱ्याच्या पश्चिमेला साधारण २५ किलोमीटरवर, सातारा आणि जावळी तालुक्यांच्या हद्दीवर आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर, म्हणजे जवळपास चार हजार फूट. पसारा सुमारे हजार हेक्टरचा. आपला सगळा डोंगरी भाग ज्या काळ्या कातळाचा बनलाय, त्यावर इथं जांभ्या दगडाची टोपी बसलेली आहे. लाखो वर्षांच्या पावसानं आणि उन्हानं काळा कातळ झिजला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह, ॲल्युमिनियमसारखी द्रव्यं मागं राहून तांबूस, भोकाभोकांचा जांभा तयार झाला.

या जांभ्यावर माती म्हणावी तर नाहीच. कुठं बोटभर, कुठं चार बोटं, तर कुठं नुसताच उघडा खडक. झाडाला मूळ खाली घालायला जागा नाही, म्हणून पठारावर मोठी झाडं नाहीत. पावसाळ्यात सगळीकडं पाणी साचून चिखल होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये हाच दगड तव्यासारखा तापतो. मातीत खताचा अंश नगण्य. शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर इतकी भिकार जमीन शोधून सापडायची नाही.

आणि फुलं आहेत ती नेमकी याच कारणानं. माती जाड आणि कसदार असती तर उंच गवतानं, झुडपांनी, झाडांनी जागा बळकावली असती. नखाएवढ्या रोपाला ऊनसुद्धा मिळालं नसतं. इथं मोठ्यांना जगता येत नाही, म्हणून लहानांचं राज्य चालतं. या पठारावर ८५० हून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. त्यातल्या काही सह्याद्री सोडून जगात कुठंही उगवत नाहीत.

यातल्या बऱ्याचशा वनस्पती एकाच पावसाळ्याच्या धनी आहेत. जूनमध्ये बी रुजायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरात बी धरायचं आणि दगड तापायच्या आत मरून जायचं. सगळा संसार चार महिन्यांत. उरलेले आठ महिने पठारावर जिवंत असतं ते खडकाच्या फटीत, बोटभर मातीत पडलेलं बी. काही जाती कंदाच्या रूपानं जमिनीत दडून राहतात. बियाणं कंपनीचं पाकीट इथं कुणी आणून टाकत नाही. यंदाचं बी हेच पुढच्या वर्षाचं बियाणं. सोयाबीन फुलात असताना कुणी गाडी घातली तर शेतकरी काय म्हणेल ते सांगायला नको. कासच्या फुलावर दिलेला पाय त्याहून महाग पडतो, कारण इथं दुबार पेरणी नाही.

तुडवण्याचं दुसरं नुकसान चटकन दिसत नाही. बोटभर मातीवर शंभर माणसं चालली की ती दबून टणक होते. पाणी मुरायचं थांबतं, पुढच्या पावसात ती निसटून वाहून जाते आणि खाली नुसता दगड उरतो. म्हणून पठारावर नेहमीच्या येण्याजाण्याच्या वाटा सुटून दुसऱ्या वाटा पडल्या की त्या वर्षानुवर्षं बुजत नाहीत.

कोणतं फूल, कोणत्या आठवड्यात?

"फुलांचा सीझन" म्हणजे एकच बहर, असा समज आहे. तसं नाही. साधारण पंधरा-वीस दिवसांनी पठाराचा रंग बदलतो. त्यामुळं तुम्ही ऑगस्टअखेर बघितलेलं कास आणि शेजाऱ्यानं सप्टेंबरअखेर बघितलेलं कास, ही दोन वेगळी पठारं असू शकतात.

पहिल्या पावसाबरोबर दीपकाडीसारखी कंदातून उगवणारी पांढरी फुलं येतात, पण त्या वेळी वर पाऊस आणि वारा इतका असतो की बघायला कोण जाणार. जुलै-ऑगस्टमध्ये पांढऱ्या आमरीच्या जाती फुलतात. आमरी म्हणजे ऑर्किड. शहरात कुंडीत हजार रुपयाला विकतात त्याच कुळातली, इथं ती गवतात उभी असते.

ऑगस्टच्या शेवटी गेंद येतो. टाचणीच्या डोक्यावर कापसाची गोळी बसवावी तशी पांढरी बोंडं. जिथं पाणी साचतं तिथं हजारोंनी उभी राहतात आणि वाऱ्यावर एकदम डुलतात. त्याच्याच पायाशी निळसर जांभळ्या रंगाची सीतेची आसवं असतात. आसवं म्हणजे अश्रू. नाव नाजूक, पण धंदा वेगळा. या वनस्पतीच्या तळाशी मोहरीहून बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म किडा फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला क्षणार्धात आत ओढतो आणि पचवतो. मातीत नत्र नाही, तर मग युरियाची गोणी कुठून आणणार? किडा हीच तिची गोणी.

दवबिंदू ही आणखी एक तसलीच वनस्पती. पानांवरच्या बारीक केसांच्या टोकाला चिकट थेंब चमकतात. दव समजून किडा बसतो आणि अडकतो. उंची जेमतेम बोटाएवढी. उभ्यानं बघणाऱ्याला ती जन्मात दिसायची नाही. वाटेच्या कडेला उकिडवं बसलं आणि दोन मिनिटं नजर स्थिर केली की एक दिसते, मग दहा दिसतात.

गुलाबी गालिचा म्हणून जो फोटो फिरतो तो बहुतेक वेळा तेरड्याचा असतो. घराच्या अंगणात गौरीला वाहायला लावतो त्या तेरड्याचीच ही रानातली भावकी. पिकलेली बोंडं हात लागताच फट्‌कन फुटतात आणि बी लांब उडतं. हा खेळ प्रत्येक पोरानं खेळलेला असतो, फक्त तो कासच्या पठारावर खेळू नये.

सप्टेंबर पुढं सरकला की पिवळा रंग चढतो. सोनकी येते आणि पिवळ्या पाकळ्यांवर लाल ठिपके असलेलं ते "मिकी माऊस" येतं. दोन पाकळ्या उंदराच्या कानांसारख्या दिसतात म्हणून पर्यटकांनी ठेवलेलं हे नाव. आपल्याकडं तो कवला. पावसाळ्यात कवल्याची कोवळी पानं रानभाजी म्हणून शिजवतात ती याच कुळातली. बाहेरचे लोक फोटो काढून दमतात आणि आपल्या आयाबायांना त्याची चव माहिती आहे.

साताऱ्याचं नाव घेऊन मिरवणारी एक वनस्पतीही इथं आहे. तिचं मराठी नाव वायतुरा. पठारावर साचलेल्या डबक्यांत ती वाढते आणि तिच्या तुऱ्याला बेचकीसारख्या दोन फांद्या फुटतात. शास्त्रज्ञांनी तिला दिलेल्या लॅटिन नावात "सातारेन्सिस" असा शब्द आहे. सह्याद्रीतल्या मोजक्या उंच सड्यांवरची डबकी सोडली तर ही जगात कुठंही नाही. डबक्यात बूट धुताना तिचाच कंद उखडला जाऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

टोपली कारवीचं गणित आणखी निराळं. उलटी टोपली ठेवावी तशी गोल झुडपं पठारभर दिसतात. ती सहा वर्षं नुसती हिरवी राहतात आणि सातव्या वर्षी सगळी एकदम जांभळ्या फुलांनी भरतात. एका बहरातलं बी वाया गेलं तर पुढची संधी थेट सात वर्षांनी.

वारसा यादीत नाव, मग जमीन कुणाची?

२०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घेतली. महाराष्ट्रातली चार आहेत: कास पठार, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि राधानगरी अभयारण्य. यादीत नाव गेलं म्हणजे जमीन परदेशी संस्थेच्या ताब्यात गेली, असा एक गैरसमज तेव्हापासून गावोगाव ऐकू येतो. तसं काही झालेलं नाही. यादीतल्या जागेची राखण करण्याची जबाबदारी आपल्याच सरकारची असते. फुलांचं पठार वन विभागाच्या अखत्यारीत आहे. भोवतालची खासगी जमीन ज्यांची होती त्यांचीच आहे, फक्त तिथं बांधकाम करताना नियम पाळावे लागतात. हे नियम कुणाला किती कडक लागतात यावरून मात्र गावांत कुरबुर असते आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. स्थानिकाच्या टपरीला नोटीस आणि मोठ्या बांधकामाकडं काणाडोळा झाला, तर माणूस बोलणारच.

हंगामात पठाराची व्यवस्था वन विभागाच्या जोडीनं कास, एकीव, आटाळी, कासाणी या आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती बघते. तिकीट फाडणारा, वाट दाखवणारा, शिट्टी वाजवून "वाटेवरून चला" म्हणणारा पोरगा यातल्याच कुठल्यातरी गावचा असतो. प्रवेश शुल्कातून या पोरांचा हंगामी रोजगार आणि पठाराची देखभाल चालते. त्यामुळं "डोंगर बघायला कसले पैसे?" म्हणून गेटवर वाद घालण्यापूर्वी समोर कोण उभं आहे ते बघावं.

कुंपण घातलं, कुंपण काढलं

गर्दी अनावर झाली तेव्हा पठाराच्या कडेनं लोखंडी जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसं अडली, पण त्याबरोबर गुरंही अडली. काही वर्षांत गावकरी बोलायला लागले की कुंपणाच्या आत गवत माजलंय आणि फुलं कमी झाली आहेत. पूर्वी गुरं चरायची, गवत आखूड राहायचं, शेण पडायचं, खुरांनी बी रुजायचं, असं त्यांचं म्हणणं. कुंपणामुळं जंगली जनावरांचं येणं-जाणंही तुटलं. शेवटी हे कुंपण हटवण्यात आलं.

गुरांच्या चरण्यानं फुलं वाढतात की घटतात, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. थोडी चराई गवत आटोक्यात ठेवते, जास्त झाली तर कोवळी रोपंच साफ होतात. चरणारी गुरं किती, कोणत्या महिन्यात, किती दिवस, यावर सगळं ठरतं. पण गुराख्याचं म्हणणं बैठकीत ऐकून घेतलं गेलं, हे कासच्या बाबतीत महत्त्वाचं घडलं. पठाराजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला त्यातलं काहीतरी कळतं, हे मान्य व्हायला वेळ लागला इतकंच.

जाताना एवढं बघा

शनिवार-रविवार टाळा. दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा घालण्यात आली आहे आणि सुटीच्या दिवसांचं ऑनलाईन बुकिंग आधीच भरून जातं. शुल्क आणि वेळा दर हंगामात बदलतात, म्हणून मित्राच्या जुन्या मेसेजवर विसंबू नका, त्या वर्षीचं समितीचं बुकिंगचं पान उघडून बघा. तिकीट मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. वर रेंज जाते, आणि मग गेटवर हात उंच करून नेटवर्क शोधणाऱ्यांची वेगळीच जत्रा भरते.

साताऱ्याहून समर्थ मंदिर, बोगदा, यवतेश्वर घाट असा सरळ रस्ता आहे. बामणोलीकडं जाणारी एसटी याच रस्त्यानं जाते. जावळीतल्या लोकांना मेढ्याहून कुसुंबीमार्गे जाता येतं. घाटात धुकं दाट असतं, दिवे लावून आणि सावकाश चालवा. गर्दीच्या दिवशी गाड्या पठाराच्या अलीकडं वाहनतळावर लावून पुढं बसनं सोडतात. यावरून चिडचिड होते खरी, पण पठारावरच्या अरुंद रस्त्यावर दोन हजार गाड्या उभ्या राहिल्या तर काय होतं ते लोकांनी भोगलेलं आहे.

छत्री नेऊ नका, वाऱ्यानं उलटी होते. रेनकोट न्या. बूट पकड असलेले घाला, ओला जांभा निसरडा असतो. सकाळी लवकर पोचणं चांगलं, कारण काही फुलं दुपारनंतर मिटतात आणि गर्दीही तेव्हाच वाढते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर गेटजवळचा भाग पुरेसा आहे. चालायची तयारी असेल तर जुन्या राजमार्गानं कुमुदिनी तलावापर्यंत जा. पाण्यावर तरंगणाऱ्या झालरदार पांढऱ्या कुमुदिनी तिथं दिसतात. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी गावातला माहितगार वाटाड्या जरूर घ्यावा. दवबिंदू बोटानं दाखवणारा माणूस मिळाला तर दोनशे-चारशे रुपये वसूल होतात.

जेवण स्थानिक लोकांच्या घरगुती खानावळीत घ्या. पिठलं-भाकरी मिळते, आणि पैसे पठार राखणाऱ्याच्या घरात जातात. कास तलावाच्या काठावर पत्रावळ्या, बाटल्या टाकू नका. सातारा शहराच्या काही भागात नळाला येतं ते याच तलावाचं पाणी. फुलं तोडून, कंद उकरून घरी नेण्यात तर काहीच अर्थ नाही. आपल्या अंगणातल्या कसदार मातीत ती जगत नाहीत.

आणि गावाकडचा सडा?

जिल्ह्यात असा सडा एकट्या कासला नाही. पाटण तालुक्यातल्या सडावाघापूर, सडादाढोली या गावांच्या नावातच तो आहे. चाळकेवाडीचं पवनचक्क्यांचं पठार, पाचगणीचं टेबल लँड हीसुद्धा जांभ्याचीच टोपी घातलेली पठारं. यातल्या काहींवर तोच गेंद, तोच तेरडा, तीच सीतेची आसवं पावसाळ्यात उगवतात. तिथं गेट नाही, शिट्टी नाही आणि तिकीटही नाही.

सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढं "पोटखराबा" लिहिलेलं असतं. पिकत नाही म्हणजे खराब, हा महसुलाचा हिशोब. त्याच शब्दामुळं सडा विकताना, जांभा काढताना, रस्त्यासाठी उकरताना किंवा सड्यावर मातीचे ट्रक टाकून प्लॉट पाडताना कुणाला काही गमावतोय असं वाटत नाही. शिवाय सड्यावर साचून झिरपलेलं पाणी खाली उताराला झऱ्यांतून निघतं आणि पायथ्याच्या वाड्यांच्या विहिरींना येतं. वरचा सडा उकरला की झरा आटल्याचं कळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो.

यावर गावाच्या हातात एक कागद आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावातल्या झाडा-झुडपांची, जनावरांची, पाणवठ्यांची लोक जैवविविधता नोंदवही तिनं तयार ठेवायला हवी. बऱ्याच गावांत ही वही एखाद्या एजन्सीनं भरून दिलेली आणि कपाटात ठेवलेली असते. ती मागून बघता येते. तिच्यात वड, पिंपळ, आंबा, जांभूळ असतं. सड्यावरच्या नखाएवढ्या फुलांचं नाव बहुतेक वेळा नसतं.

ते घालता येतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी सड्यावर एक चक्कर मारायची, वाटेवरूनच फुलांचे फोटो काढायचे, फोटोत तारीख आणि लोकेशन चालू ठेवायचं. मोजमापासाठी फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की पुरतं. नाव ओळखायला साताऱ्या-कराडच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना फोटो दाखवावेत. आणि गुरं घेऊन रोज सड्यावर जाणाऱ्या म्हाताऱ्याला आधी विचारावं. त्याला लॅटिन नाव ठाऊक नसेल, पण कोणतं फूल कोणत्या डबक्याच्या काठाला येतं आणि कोणतं गेल्या दहा वर्षांत दिसलंच नाही, हे तो सांगेल. त्याचं नाव, तारीख आणि त्यानं सांगितलेलं गावठी नाव, तिन्ही नोंदवहीत लिहून घ्यायचं. सुरुवातीला एवढं पुरे आहे.